पाट उचलला, शिधा चालू

6 जानेवारी 2023, शुक्रवार. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एका रुग्णालयात चोवीस वर्षांच्या डमार हॅमलिनच्या घशातली श्वासाची नळी नुकतीच काढली होती. चार दिवसांपूर्वी, सोमवारी रात्री, बफेलो बिल्स संघाकडून खेळताना त्याने समोरच्या गड्याला अडवलं, उठून उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी पाठीवर कोसळला. हृदय थांबलं होतं. संघाचे सहायक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तिथेच, गवतावर, छाती दाबून त्याचा प्राण परत आणला. शुक्रवारी तो व्हिडिओवरून सहकाऱ्यांशी बोलला. मोठी माणसं ढसाढसा रडली. आणि त्याच दिवशी बिल्सच्या कचेरीतून एक ओळ बाहेर पडली : हॅमलिनचं नाव ‘इंज्युअर्ड रिझर्व्ह’वर टाकण्यात आलं आहे.

त्या ओळीतल्या त्या यादीची आज ओळख करून द्यायची आहे. तिला सगळे ‘आयआर’ म्हणतात. जखमी खेळाडूंची राखीव यादी. तिला चेहरा नाही, आवाज नाही. रोज संध्याकाळी निघणाऱ्या घडामोडींच्या पत्रकात तिचं नाव एखाद-दुसऱ्या ओळीत येतं : कोणता गडी, कुठली जागा, कोणती तारीख. तरीही अमेरिकन फुटबॉलमध्ये तिच्याइतकी माणसं क्वचितच कुणी जवळून पाहिली असतील. फाटलेले गुडघे, तुटलेल्या पोटऱ्या, हललेले मेंदू, सगळे शेवटी तिच्याच दाराशी येतात.

तिचा स्वभाव कळायचा तर आधी तिचं घर पाहायला हवं. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, हे बत्तीस घरांचं गाव. इथला फुटबॉल लांबट चेंडूचा, हातात धरून पळायचा, अंगावर अंग आदळायचा. प्रत्येक घरात त्रेपन्न पाटांची पंगत. चौपन्नावा पाट मांडायची सोय नाही. आणि या पंगतीच्या शिध्यावर एक मर्यादा, तिचं नाव सॅलरी कॅप. वर्षाला खेळाडूंवर एवढाच खर्च करायचा, मालक कितीही श्रीमंत असो. 1994 साली ही मर्यादा आली तेव्हा ती होती 3 कोटी 46 लाख डॉलर. 2025 साली ती 27 कोटी 92 लाख डॉलरवर गेली. मधे एकदाच मोठी खाली आली, 2021 साली, करोनामुळे रिकाम्या राहिलेल्या स्टेडियमांनंतर. त्या वर्षी अनेक संघांना चांगले गडी सोडून द्यावे लागले.

या घरात आयआरचं काम एका वाक्यात सांगता येतं : ती पाट उचलते, शिधा थांबवत नाही. गडी जखमी झाला की त्याचं नाव त्रेपन्नांतून निघून तिच्याकडे जातं. त्याची जागा रिकामी होते, तिथे दुसऱ्याला बसवता येतं. पण जखमी गड्याचा पगार कॅपच्या हिशेबातून निघत नाही. तो करारानुसार दर आठवड्याला मिळत राहतो, आणि त्याच्या जागी आलेल्या गड्याचा पगार त्यावर चढतो. 2025 साली अगदी नवख्या खेळाडूचाही किमान वार्षिक पगार होता 8 लाख 40 हजार डॉलर. एका हंगामात दहा-बारा माणसं आयआरकडे गेली, तर एका घरात दोन स्वयंपाक शिजवल्यासारखं होतं.

म्हणून शहाणा कारभारी सप्टेंबरात सगळे पैसे खर्च करत नाही. हंगामाआधीच्या महिन्यांत कॅपच्या हिशेबात फक्त सर्वांत महागडे 51 करार धरले जातात. पहिल्या सामन्याच्या आठवड्यापासून मात्र सगळेच मोजले जातात : त्रेपन्नांतले उरलेले दोघे, सरावापुरते ठेवलेले, आणि आयआरवरचे. ऑगस्टमध्ये ऐसपैस वाटणारी शिल्लक एका रात्रीत आवळते. ज्याने येणाऱ्या जखमांसाठी काही बाजूला ठेवलं आहे, तो नोव्हेंबरात माणूस आणू शकतो. जखमा नाहीच झाल्या, तर वाचलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या कॅपमध्ये जाते. जखम होणारच, हे धरून चालणं यालाच इथे दूरदृष्टी म्हणतात.

आयआरचा भूतकाळ फार स्वच्छ नाही, पण दोष तिचा नव्हता. एके काळी संघ धडधाकट तरुण पोरांनाही किरकोळ दुखापतीचं निमित्त करून तिच्या आडोशाला ठेवत. पाट अडवायचा नाही आणि पोरगा दुसऱ्या घरीही जाऊ द्यायचा नाही. अशा लबाडीला आळा घालायला नियम कडक झाले आणि पुढे कित्येक वर्षं तिचं दार एकाच बाजूने उघडायचं. आत गेला, त्याचा हंगाम संपला. सहा आठवड्यांत बरा होणारा हातही वर्षभर घरी बसायचा. 2012 साली दाराला पहिली फट पडली : प्रत्येक संघाला एका गड्याला परत आणण्याची मुभा मिळाली. 2017 साली दोघांना. करोनाच्या काळात ही संख्येची अट सुटली. 2022 पासून हंगामात आठ जणांना परत येता येतं, निदान चार सामने बाहेर बसल्यावर. परतणारा आधी सरावाला उतरतो. तिथून एकवीस दिवसांच्या आत संघाने ठरवायचं : त्रेपन्नांत घ्यायचा, की उरलेला हंगाम तिच्याकडेच ठेवायचा.

या परतीला किंमत असते आणि ती भलत्यालाच मोजावी लागते. 11 सप्टेंबर 2023 रोजी न्यूयॉर्क जेट्सकडून पहिलाच सामना खेळताना चौथ्याच डावाला ॲरन रॉजर्सच्या टाचेची शीर, अकिलीस, तुटली. संघाने साऱ्या आशा त्याच्यावर ठेवल्या होत्या. तो आयआरकडे गेला. डिसेंबरात त्याचे सरावाचे एकवीस दिवस संपत आले, तेव्हा सराव चालू राहावा म्हणून त्याला त्रेपन्नांत घेतलं. त्या हंगामात तो पुन्हा खेळला नाही, पण त्याच्या पाटासाठी एका फुलबॅकला पंगतीतून उठावं लागलं. पाट त्रेपन्नच. एक बसतो तेव्हा एक उठतो.

आयआरला बहिणी आहेत. एक पीयूपी : हंगामाच्या तयारीलाच जो वैद्यकीय तपासणीत उतरत नाही त्याची यादी. हिच्याकडे आलेल्याचाही पगार साधारणपणे चालू राहतो. दुसरी एनएफआय : खेळाबाहेर झालेल्या दुखापतींची. हिच्याकडे गेलेल्याला पगार देण्याचं बंधन संघावर नाही. मैदानावर मोडलेला पाय घरचा, रस्त्यावर मोडलेला पाय परका. या दोघींपेक्षा आयआर मला जास्त माणुसकीची वाटते, कारण ती जखमी माणसाला हिशेबातून पुसू देत नाही. संघाला तो विसरायचा असेल, पत्रकार विसरले असतील, प्रेक्षक नव्या गड्याच्या नावाने ओरडत असतील. कॅपच्या वहीत त्याचं नाव करारातल्या रकमेनिशी उभं असतं. हा आमचा आहे, आमच्यासाठी खेळताना पडला आहे, असं ती वही दर आठवड्याला सांगते.

2018 सालच्या 18 नोव्हेंबरला वॉशिंग्टनच्या ॲलेक्स स्मिथचा उजवा पाय मोडला. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. पुढे जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि पाय कापावा लागेल अशी वेळ आली. सतरा शस्त्रक्रिया झाल्या. त्याच वर्षी त्याने 9 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला होता, त्यातले 7 कोटी 10 लाख हमीचे. आधी आयआर, मग 2019 चा सगळा हंगाम पीयूपी. न खेळणाऱ्या माणसापायी संघाच्या कॅपमधले दोन कोटींहून अधिक डॉलर अडकले होते. लोक त्याला ओझं म्हणत. 693 दिवसांनी, 11 ऑक्टोबर 2020 रोजी, तो पुन्हा मैदानात उतरला आणि त्या वर्षीचा ‘कमबॅक प्लेअर’ ठरला. त्याचं नाव वहीत तेवढा काळ टिकून राहिलं म्हणून परतायला घर होतं.

पिट्सबर्ग स्टीलर्सने तर या वहीचा उपयोग मायेसाठी केला. 4 डिसेंबर 2017 रोजी रायन शझियरच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. तो पुन्हा खेळेल असं जाणत्यांना वाटत नव्हतं. 2018 साली करारातले सुमारे 87 लाख डॉलर संघाने हिशेबात धरलेच. पुढच्या वर्षी त्याला मोकळं करता आलं असतं. संघाने करार पुढे ओढला आणि त्याला यादीवर ठेवलं, म्हणजे निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्याच्या दृष्टीने आणखी एक वर्ष त्याच्या पदरी पडावं. 2018 च्या एप्रिलमध्ये खेळाडूंच्या निवडीच्या मंचावर तो वाग्दत्त वधूचा हात धरून चालत आला, ते चित्र ज्यांनी पाहिलं त्यांना ते पैसे कुठे गेले हे विचारावंसं वाटणार नाही.

पण याच व्यवहारात भीतीही राहते. मोठ्या करारांत एक कलम असतं : खेळाडू जायबंदी झाला तर पुढच्या वर्षाची रक्कम हमीची. संघाला तो नकोसा झाला असेल, तर त्याची दुखापत ही संघाचीही आपत्ती ठरते. 2022 च्या अखेरीस लास व्हेगास रेडर्सने डेरेक कारला हंगामाच्या शेवटच्या दोन सामन्यांत बसवून ठेवलं. जखमी झाला असता तर सुमारे 4 कोटी डॉलर संघाच्या गळ्यात पडले असते. वर्षभराने डेन्व्हरमध्ये रसेल विल्सनबाबत तेच घडलं. प्रशिक्षकांनी कारण खेळाचं सांगितलं. विल्सनने जाहीरपणे सांगितलं की दुखापतीची ती हमी पुढे ढकलावी असं त्याला हंगामाच्या मध्यालाच सुचवण्यात आलं होतं. पुढे त्याला सोडलं, तेव्हा संघाच्या कॅपमध्ये 8 कोटी 50 लाख डॉलरचा भार दोन वर्षांत विभागून उरला. त्याला तिथे ‘डेड मनी’ म्हणतात, मेलेले पैसे. खेळायला धडधाकट असलेला माणूस तो जखमी होईल या धास्तीने बाकावर बसतो, हे मला या खेळातलं सर्वांत उदास दृश्य वाटतं.

आणि आता हॅमलिनकडे परत येतो, कारण आयआरच्या स्वभावातली खरी उणीव त्याच्या करारात होती. ज्यांच्या नावावर कोटींची हमी असते त्यांचा शिधा ती अडवत नाही. पण सहाव्या फेरीत निवडलेल्या, दुसऱ्याच वर्षात खेळणाऱ्या पोराच्या करारात बहुधा ‘स्प्लिट’ असतो, दोन भाव. खेळत असेल तर एक पगार, आयआरवर गेला तर दुसरा. हॅमलिनचा त्या हंगामाचा पगार होता 8 लाख 25 हजार डॉलर. आयआरवर गेल्यावर तो वर्षाला 4 लाख 55 हजारांच्या भावाने मिळणार होता. म्हणजे ज्या आठवड्यात त्याचं हृदय थांबलं, त्याच आठवड्यापासून त्याचा शिधा जवळजवळ निम्म्यावर यायचा होता. करारात तसं लिहिलेलं होतं आणि त्याने त्यावर सही केली होती.

तसं झालं नाही. बिल्स, लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून मार्ग काढला आणि त्याला करारातली पूर्ण रक्कम देण्याचं ठरलं. फार चांगलं केलं. पण ते एका मुलासाठी केलं, ज्याला कोसळताना साऱ्या देशाने पाहिलं होतं. दर हंगामात असे कितीतरी गडी असतात ज्यांचा गुडघा कॅमेऱ्याबाहेर, सरावात किंवा सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत जातो. त्यांच्यापुढे कधी ‘इंज्युरी सेटलमेंट’चा कागद येतो : ठरावीक आठवड्यांचे पैसे घे आणि मोकळा हो. कधी त्यांचं नाव इतर एकतीस घरांतून फिरवलं जातं आणि कुणी घेतलं नाही तर ते आपल्याच संघाच्या आयआरवर परत येतं, कमी भावाने. पुढच्या वर्षी तपासणीत न उतरल्याने सोडून दिलेल्यासाठी लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या कामगार करारात काही भरपाईची तरतूद आहे. पण पडलेल्या दिवसापासून कापलेला शिधा ती भरून काढत नाही.

माझं म्हणणं एवढंच. मर्यादा असावी, कारण मर्यादेमुळेच छोट्या शहराचा संघ मोठ्या शहराच्या संघापुढे उभा राहतो. हिशेब काटेकोर असावा. पाटही उचलावा, कारण पंगत थांबू शकत नाही. पण मैदानावर पडलेल्याला दोन भाव नसावेत. कोट्यवधींचा करार असलेल्या माणसाला जी शाश्वती मिळते, ती किमान पगारावर खेळणाऱ्यालाही मिळायला हवी. त्याला तिची गरज जास्त आहे. हॅमलिनसाठी जे एका आठवड्यात जमलं, ते पुढच्या करारात एका कलमाने सगळ्यांसाठी लिहिता येईल. बत्तीस संघांना तेवढं झेपतं.

डमार हॅमलिन 1 ऑक्टोबर 2023 रोजी मायामीविरुद्धच्या सामन्यात बिल्सकडून पुन्हा मैदानात उतरला. त्या दिवशी त्याचं नाव आयआरवर नव्हतं, त्रेपन्नांत होतं.