जांबची ओसरी

मैत्रिणींनो, ज्या गावात आपण उभा संसार करतो, त्याच्या आसपासचंच नेमकं पाहायचं राहून जातं. तुमचंही असंच आहे की नाही? काशी-रामेश्वर होतं, मुलांच्या सुटीत महाबळेश्वर होतं आणि हाकेच्या अंतरावरचं गाव ‘जाऊ की कधीतरी’ म्हणत तसंच राहतं. मी १९८९ साली लग्न होऊन जालन्याला आले. जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, म्हणजे जिल्हाही तसा नवाच होता आणि मीही. त्यानंतर राजूरच्या गणपतीला चतुर्थीला कितीदा गेले असेन, अंबडच्या मत्स्योदरी देवीची ओटी कितीदा भरली असेल. पण समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात असून तिथं काही पाऊल पडलं नव्हतं.

ते पडलं, पण जालना सोडायची वेळ आली तेव्हा.

झालं असं की, हे निवृत्त झाले. मुलगा-सून पुण्याला. ‘तुम्ही दोघंच तिथं कशाला राहता? घर विकून टाका, इथं मोठी जागा घेऊ, सगळे एकत्र राहू,’ असं मुलाचं म्हणणं. ह्यांनी मला रीतसर विचारलं, हं! आमच्याकडे बायकांना विचारत नाहीत असं कुणी म्हणू नये. मी भाजी निवडत होते. म्हटलं, ‘मला काय, काहीही चालेल.’ गिऱ्हाईकही लगेच मिळालं आणि इसाराची तारीख ठरली.

मग मी माळा काढायला घेतला. तुम्हाला ठाऊकच आहे, माळ्यावर आपलं अर्धं आयुष्य ट्रंकेत भरून ठेवलेलं असतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांखाली माझ्या जुन्या वह्या निघाल्या. दर गुढीपाडव्याला मी नवं पान काढून संकल्प लिहीत असे. पहाटे पाचला उठणे. रोज मनाचे श्लोक म्हणणे. चिडायचे नाही. उलट उत्तर द्यायचे नाही. (ह्याच्याखाली दोन रेघा!) पंचवीस-तीस पाडव्यांची पानं, आणि सगळ्यांवर तेच चार संकल्प. अक्षर तेवढं बिघडत गेलेलं. मला हसू आलं आणि मग तिथंच शिडीवर बसून थोडं रडूही आलं.

अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन असाच वही ठेवत असे. तेरा गुणांची यादी केली, आठवड्याला एक गुण पक्का करायचा, आणि रोज रात्री जिथं चुकलं तिथं काळा ठिपका द्यायचा. त्यानं आत्मचरित्रात कबूलच केलंय की, नीटनेटकेपणा काही त्याला शेवटपर्यंत साधला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला जे जमलं नाही, त्यावरून मला कपाट आवरण्यावरून कुणी बोलू नये, असं मी तेव्हापासून ठरवलंय. पण सांगायचं ते वेगळंच. त्या सगळ्या वह्यांत मी कसं व्हावं हे लिहिलं होतं, आणि मला काय हवं आहे याची एक ओळ नव्हती. ट्रंकेच्या तळाशी वडिलांनी लग्नात दिलेला दासबोध होता. तो हातात घेतला आणि ठरवलं, जालना सोडायच्या आधी जांब पाहायचं. एकटीनं.

जालन्याहून एसटीनं अंबड, तिथून घनसावंगी, पुढं कुंभार पिंपळगाव आणि मग रिक्षा. बसमध्ये खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका कमरेला ओटी बांधून वेचणीला वाकलेल्या. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी जिथं पोचतं तिथं ऊस, मधूनमधून मोसंबीच्या बागा. ही मोसंबी पाहिली की मला २०१२-१३चा दुष्काळ आठवतो. माणसांना पाणी नाही आणि लोक टँकर विकत घेऊन झाडं जगवताहेत. पुष्कळांची तरीही जळाली. मग मुळासकट उपटून, जमीन नांगरून, पुन्हा कलमं लावली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंची बाग अशीच दुसऱ्यांदा लावलेली. त्यांनी पिशवीतून दोन मोसंब्या काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि घनसावंगीला उतरून गेल्या.

जांबला समर्थांचं जन्मस्थान आहे आणि राममंदिर आहे. त्या देवळातल्या जुन्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या होत्या, तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. पोलिसांनी त्याच वर्षी त्या शोधून काढल्या. मी गेले तेव्हा दुपारची वेळ, गर्दी नव्हती. रामनवमीला इथं पाय ठेवायला जागा नसते, कारण तो रामाचा आणि समर्थांचा, दोघांचाही जन्मदिवस. १६०८ साली सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी हा धाकटा मुलगा झाला. नाव नारायण. लहानपणी एकदा अडगळीत लपून बसला आणि आईनं विचारलं, तर म्हणे जगाची काळजी करतोय! आणि बाराव्या वर्षी बोहल्यावरून पळाला ती गोष्ट तर तुम्हा-आम्हाला पाठच आहे. भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि हा सावध झाला.

माझी आजी ही गोष्ट फार रंगवून सांगायची. मुलगा अंतरपाटापासून निघाला की तिची गोष्ट थेट नाशिकजवळच्या टाकळीला, बारा वर्षांच्या तपश्चर्येला जाऊन पोचायची. मी एकदा विचारलं होतं, ‘आजी, आणि अंतरपाटाच्या पलीकडची मुलगी?’ आजी म्हणाली, ‘गप झोप.’ त्या देवळाच्या पायरीवर बसून मला ती मुलगी आठवली. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली, हातात हार. तिलाही ‘सावधान’ ऐकू आलंच असेल की! आणि राणूबाई? टाकळीची बारा वर्षं, मग देशभर फिरण्यातली बारा, म्हणजे चोवीस वर्षांनी मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा रडून रडून तिची दृष्टी गेली होती असं परंपरा सांगते.

समर्थांवर मी रागावले होते असं समजू नका. उलट गंमत वाटते ती अशी की, मंडपातून पळालेला हाच माणूस दासबोधाच्या बाराव्या दशकात पहिल्याच समासात बजावतो, आधी संसार नीट करा, मग परमार्थाच्या मागे लागा. आपण पळालो म्हणून सगळ्यांनी पळा असं त्यांनी सांगितलं नाही. ज्याचं त्यानं ओळखायचं. मिरजेच्या वेणाबाई बालविधवा होत्या. त्या काळात त्यांना उभं राहून कीर्तन करायला लावलं, मठ सांभाळायला दिला. मनाचे २०५ श्लोक लिहिले तेही स्वतःच्या मनाला सज्जन म्हणून हाक मारत. माझ्या वह्यांत पाहाल तर नुसता दरडावण्याचा सूर!

ऊन कलायला लागलं म्हणून निघाले, तर वाटेवरच्या एका घराच्या ओसरीवरून हाक आली.

‘बाई, उन्हाच्या कुठं निघाल्या? बसा की जरा.’

सत्तरीच्या पुढची म्हातारी. बसले. पाणी दिलं, कुठल्या, लेकरं किती, सगळं विचारून झालं. मूर्ती गेल्या त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नाही हेही तिनं सांगितलं. मग चहा टाकला आणि आतूनच विचारलं, ‘साखर कशी घालू? कमी का जास्ती?’

‘काहीही चालेल,’ मी म्हटलं.

ती डबा हातात घेऊन उंबऱ्यात आली. ‘काहीबी म्हंजे? गोड लागतं का न्हाई ते तुमच्या तोंडाला ठावं असंल का माझ्या?’

मी हसले, पण ती हसली नाही. उत्तरासाठी थांबली होती. मी म्हटलं, ‘कमीच घाला. मला गोड चहा आवडत नाही.’

‘मंग तसं सांगा की! कामून लाजायचं?’ आणि ती आत गेली.

तुम्हाला सांगते, हे वाक्य लग्नानंतर मी पहिल्यांदाच कुणासमोर बोलले असेन. आमच्या घरी चहा ह्यांच्या चवीचा, पाकासारखा. दोन आधणं कशाला टाकायची म्हणून मीही तोच प्यायला लागले, आणि पुढं ‘आईला गोडच लागतो’ असं मुलगा कौतुकानं सांगायला लागला. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मी खरं सांगितलं नव्हतं, इतकंच.

रात्री घरी आले. जेवणं झाल्यावर ह्यांना म्हटलं, ‘मला घर विकायचं नाही.’

मला वाटलं होतं, हे समजूत घालतील. हे चिडले. आणि मैत्रिणींनो, ह्यांचं चिडणं बरोबर होतं. ‘मी विचारलं तेव्हा का बोलली नाहीस? मी गिऱ्हाईकाला शब्द दिला, पोरानं तिकडं जागा बघितली. मला काय मनातलं वाचता येतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याला समंजसपणा म्हणत होते, त्याच्या भरवशावर दोन माणसं इतकं पुढं गेली होती. दुसऱ्या दिवशी हे त्या गृहस्थांकडे जाऊन हात जोडून आले. मी बरोबर जाते म्हटलं, तर नको म्हणाले.

सुनेचा निरोप आला, ‘बघा, तुम्हाला ठीक वाटेल तसं.’ मुलाचा फोनच नाही. एरवी रोज करणारा मुलगा! आठ दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपले. सकाळी दोन आधणं टाकते आता. ह्यांनी पहिल्या दिवशी माझा कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून परत ठेवला. तेवढंच काय ते आम्ही हसलो.

नवव्या दिवशी मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग म्हणाला, ‘नळाला पाणी आलं का?’

‘आजच आलं. आठ दिवसांनी.’

‘इथं रोज येतं, आई.’

‘माहीत आहे रे,’ मी म्हटलं, आणि फोन कानाशी धरूनच भरलेल्या पिंपांवर झाकणं ठेवायला उठले.