काथ्याचा कोळसा

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सक्रिय कार्बन करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी करवंटीच होती. ते बरोबरही होतं. करवंटीचा कार्बन कठीण, दाणेदार. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत तो होता आणि आज पाण्याच्या फिल्टरमध्येही सर्रास असतो. पण कोकणात परसापरसांत सोडणांचे ढीग पडलेले असतात. त्यांच्या धाग्याचं काय होतं, ते मला बघायचं होतं.

काथ्या आधी गोड्या पाण्यात खळखळून धुतला. खाडीत कुजवलेला, म्हणजे त्यात मीठ मुरलेलंच. सुकवून बारीक कातरला, फॉस्फोरिक आम्लात रात्रभर भिजवला, पुन्हा वाळवला, झाकणाच्या मुशीत दाबून भरला आणि मफल भट्टीत 500 अंशांवर तासभर ठेवला. आत हवा खेळली तर हाती राखच येणार. आम्लामुळे एवढ्या उष्णतेत भागतं. वाफेने सक्रिय करायचा तर 800-900 अंश हवेत.

मूस उघडली तर धागे जसेच्या तसे, फक्त काळेकुट्ट. चिमटीत धरले की चुरा. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये छिद्राछिद्रांचा मिळून हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. तो चुरा बोटांवर घेऊनही ते पटेना.

खरी मेहनत धुण्यात. निळा लिटमस लाल व्हायचा थांबेपर्यंत गरम पाणी ओतत राहायचं. पाणी शुद्ध करणाऱ्या वस्तूवर इतकं पाणी सांडणं मला अजूनही खटकतं.

मग मिथिलीन ब्ल्यूच्या द्रावणात चमचाभर पूड टाकून चंबू हलवत बसलो. गाळणकागदातून आधी थोडी काळी पूड निसटली, ती पुन्हा गाळली, आणि खाली नितळ पाणी उतरलं. नळीत भरून मात्र हा माल दबून बसतो, पाणी तुंबतं. फिल्टरला करवंटीच बरी.

“सर, आमच्या विहिरीत टाकू?” एका मुलीने विचारलं.

नको म्हणालो. याने वास जातो, रंग जातो. जंतू मरत नाहीत. शिवाय ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, तिचा क्लोरीनही हा ओढून घेतो. वापरायचाच तर घरी, प्यायच्या पाण्यापुरता, क्लोरीनचं काम झाल्यावर. आणि ते गाळलेलं पाणी दिवसभर कळशीत साठवून ठेवायचं नाही.