मावशींची फाईल

गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणजे आम्ही वसईहून गणेशपुरी गाठतो. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडापाशी धर्म कोणी विचारीत नाही. दुखणे मात्र सगळेच विचारतात. गेल्या हिवाळ्यात शेजारी बसलेल्या एका वृद्ध मावशींच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल होती. "मावशी, ही कुंडावर कशाला आणलीत?" आम्ही विचारले.

"दवाखान्यातला कॉम्प्युटर एकदा बंद पडला, तेव्हा हीच कामी आली. आणि घरी ठेवायची तर त्यातला एक आजार सुनेला ठाऊक नाही!"

आम्ही हसलो, पण परतीच्या वाटेवर हसू मावळले. मावशींनी दोन वाक्यांत सगळे सांगितले होते. रुग्णाची नोंद वेळेला सापडली पाहिजे आणि भलत्याच्या हाती पडता कामा नये.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरील माहितीला चोरांनी कुलूप घातले आणि कित्येक दिवस केसपेपर हातांनी लिहावे लागले. संगणकांच्या जाळ्याचे नीट विभाग पाडलेले नव्हते, हे पुढे संसदेत सांगण्यात आले. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने इंग्लंडची सरकारी रुग्णालये अशीच वेठीस धरली. त्या खिंडाराची डागडुजी करणारी प्रणाली मार्चमध्येच उपलब्ध झाली होती; अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

आमच्या वसईचा किल्लाही १७३९ मध्ये पडला तो तटाच्या पायथ्याशी पेरलेल्या सुरुंगांनी. उंच तटाकडे सर्वांचे लक्ष असते, पायथ्याकडे कोण पाहतो?

रुग्णालयांसाठी उपाय तसे साधे आहेत. नोंदींची एक प्रत जाळ्यापासून तोडून वेगळी ठेवावी. प्रयोगशाळा, औषधालय, हिशेब यांच्यामध्ये दारे असावीत. अनोळखी पत्रासोबतचे जोडपत्र उघडू नये. संगणक बंद पडल्यास कागदावर काम कसे चालवायचे, याचा सराव असावा. आणि प्रत्येक कर्मचाऱ्याचा पासवर्ड स्वतंत्र असावा.

हे शेवटचे वाक्य लिहिताना आमचा हात अडखळतो. निवृत्तीपूर्वी आम्ही एका रुग्णालयाच्या नोंदणी-खिडकीवर होतो. सर्वांचा पासवर्ड एकच. तो चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला डकवलेला. एकदा एका परिचिताचा अहवाल कुणीतरी उघडून पाहिला. गावात बोभाटा झाला आणि त्याच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले. अहवाल कोणी उघडला हे कधीच कळले नाही, कारण संगणकाच्या लेखी आम्ही सारे एकच होतो.

ती चिठ्ठी आम्ही डकवली होती.

प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेला शब्द धर्मगुरू प्राण गेला तरी बाहेर काढीत नाही. म्हणूनच आपण तिथे निर्धास्तपणे मन मोकळे करतो. रुग्णही डॉक्टरांपुढे त्याच विश्वासाने बोलतो. हा विश्वास जपण्याची जबाबदारी खिडकीवरच्या कारकुनाचीही आहे, हे आम्हांला उशिरा उमगले. त्या घरासमोरून जाताना आमची मान आजही खाली जाते.