असई कुठे आहे?

प्रवास म्हटला की आपल्या समाजातील बहुतेक घरांत दोनच चित्रे उभी राहतात. एक तीर्थयात्रेचे : सम्मेदशिखरजी, पालिताणा, श्रवणबेळगोळ, आठ-पंधरा दिवसांची तयारी, डब्यांची चळत आणि नातेवाइकांचा गोतावळा. दुसरे परदेशवारीचे : मुलाकडे किंवा मुलीकडे जाणे, व्हिसा, विमान आणि दोन-तीन महिन्यांचा मुक्काम. या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक प्रवास असतो. सकाळच्या गाडीने निघावे, एखादे जुने गाव अथवा समुद्रकिनारा पाहावा आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी घरी परतावे. इंग्लंडमध्ये हा प्रवास लोकांच्या अंगवळणी पडला आहे. आपल्याकडे त्याची सोय आहे, सवय मात्र नाही. जालन्यातील एका सेवानिवृत्त शिक्षक दांपत्याला ही गोष्ट उमगली ती इंग्लंडच्या किनाऱ्यावर, आणि तीही काहीशी ओशाळवाण्या रीतीने.

इंग्लंडमधील ही रीत एकशे ऐंशी वर्षांहून जुनी आहे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या गृहस्थाने सुमारे पाचशे माणसांना लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेले. भाडे एक शिलिंग, आणि निमित्त होते मद्यपानविरोधी मेळाव्याचे! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडन ते ब्रायटन हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि तोवर श्रीमंतांचा असलेला समुद्रकिनारा कारकुनांच्या व कामगारांच्या आवाक्यात आला. पुढे १८७१ मध्ये ‘बँक हॉलिडे’चा कायदा झाला. तो संसदेत मांडणारे सर जॉन लबक स्वतः पेढीचे मालक होते. त्या कायद्याने इंग्लंडला चार हक्काच्या सुट्ट्या दिल्या. सुट्टी एका दिवसाची आणि गाडी स्वस्त, यामुळे लोक फार दूर गेले नाहीत. जवळचेच पाहू लागले.

हे दांपत्य लंडनला मुलाकडे गेले होते. जूनमधल्या एका शनिवारी मुलगा, सून आणि अकरा वर्षांची नात यांच्याबरोबर ते सेंट पँक्रास स्थानकावरून केंटच्या किनाऱ्याकडे निघाले. आजींनी खाकरे, दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर घेतली होती. सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या नियमाची त्यांना काळजी नव्हती, कारण तिथे जूनमध्ये सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. फोकस्टन सुटल्यावर गाडी समुद्राच्या अगदी कडेने धावू लागली. पांढऱ्या खडूच्या कड्यांतून, बोगद्यांतून ती डोव्हरला आली आणि थोड्याच वेळात वॉल्मर हे छोटे स्थानक लागले. तिथून मैलभर चालल्यावर किनारा येतो. या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. पाऊल टाकले की ते करकरतात.

किनाऱ्यालगत वॉल्मरचा बसका, गोलसर बुरुजांचा किल्ला आहे. आठव्या हेन्री राजाने तो सोळाव्या शतकात समुद्रावरील हल्ल्याच्या भीतीने बांधला. नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन १८२९ पासून या किल्ल्याचा अधिकारी होता आणि १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो येथेच वारला. त्याची खोली जपून ठेवलेली आहे. लष्करी छावणीत वापरावी तशी अरुंद खाट, जिच्यावर बसून त्याने प्राण सोडला ती आरामखुर्ची आणि त्याच्या नावाने जगभर ओळखले जाणारे बूट. एवढ्या मोठ्या माणसाची एवढी साधी खोली पाहून आजींना नवल वाटले.

नातीने मोबाइलवर त्याची माहिती काढली आणि विचारले, “आजोबा, हा आधी इंडियात होता. तिथे त्याने ‘असाय’ची लढाई जिंकली. कुठे आहे हे असाय?”

आजोबांना उच्चार ओळखायला क्षणभर लागला. मग ते म्हणाले, “अगं, असई! आपल्याच जालना जिल्ह्यात आहे.”

“मग तुम्ही पाहिलं असेल ना? कसं आहे?”

आजोबा गप्प राहिले. त्यांनी शाळेत तीस-पस्तीस वर्षे इतिहास शिकवला होता. ‘असईची लढाई केव्हा झाली?’ हा एका गुणाचा प्रश्न त्यांनी अनेकदा काढला होता आणि तपासलाही होता. भोकरदनकडची कितीतरी मुले त्यांच्या वर्गात शिकून गेली. पण जालन्याच्या उत्तरेस, सरळ रेषेत मोजले तर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास असलेल्या त्या गावी त्यांचे पाऊल कधीच पडले नव्हते. परतीच्या गाडीत आजी हळूच म्हणाल्या, “अहो, त्याचं मरण पाहायला आपण विमानाने आलो, आणि त्याची लढाई आपल्या दारात!”

पर्युषणासाठी ते जालन्यास परतले. चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली आणि आजोबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर महिन्यातला एक दिवस ‘जवळची गाडी’ असे लिहून राखून ठेवला.

जालन्याला ही गाडी आजची नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळात मनमाडपासून गोदावरीच्या खोऱ्यातून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि जालन्याच्या कापसाला दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या व्यापारामुळे सार्थ वाटते, त्या व्यापारात या रुळांचा वाटा मोठा आहे. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना ते मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. पुढे ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. मराठवाड्याला समुद्र नाही. पण सकाळी जालन्यात गाडीत बसलेला माणूस संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसू शकतो. या सोयीचा उपयोग आपण लग्न, दवाखाना आणि खरेदी यांसाठी करतो. नुसते पाहण्यासाठी तिकीट काढणारा विरळाच.

पहिली खेप छत्रपती संभाजीनगरची ठरली. अंतर रेल्वेने सुमारे साठ किलोमीटर. बदनापूर, करमाड, चिकलठाणा अशी ओळखीची स्थानके मागे पडली. उतरल्यावर लक्षात आले, की तो मंगळवार होता आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. चूक स्वतःचीच असल्याने कोणावर रागावण्याची सोय नव्हती. मग त्यांनी मोर्चा देवगिरीकडे वळवला. यादवांची ही राजधानी. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची धाड तिच्यावर आली आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवून तिला दौलताबाद केले. तासून उभा केलेला कातळ, खंदक आणि शत्रूला चकवणारा अंधारा भुयारी मार्ग त्यांनी पाहिला. आजींचे गुडघे भुयाराच्या तोंडाशीच थांबले. तिथल्या सावलीत बसून त्यांनी डबा उघडला.

पुढच्या खेपेला वार पाहूनच निघाले. वेरूळला येणारी बहुतेक मंडळी कैलास लेणे पाहून परततात. उत्तरेच्या टोकाला असलेली ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी थोडी दूर पडतात. ती साधारण नवव्या-दहाव्या शतकांतील आहेत. इंद्रसभा म्हणून प्रसिद्ध असलेल्या ३२ व्या लेण्यात हत्तीवर बसलेला यक्ष आणि आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. त्या यक्षालाच लोक इंद्र समजले आणि लेण्याचे नाव पडले. तपश्चर्येत उभे असलेले बाहुबली, अंगावर चढलेल्या वेली आणि भोवतीची शांतता पाहून आजी म्हणाल्या, “श्रवणबेळगोळला दोनदा जाऊन आलो. हे बाहुबली मात्र आपली वाटच पाहत राहिले.”

असईला रेल्वे जात नाही. तिथे त्यांना मोटारीने जावे लागले. निघताना आजींनी आक्षेप घेतला, “लढाईची जागा काय पाहायची? जिथे हिंसा झाली तिथे आपल्याला काय काम?” आजोबांनी वाद घातला नाही. “नातीला उत्तर द्यायचं आहे,” एवढेच ते म्हणाले.

असई म्हणजे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुआबातील एक साधे खेडे. काळी जमीन, कापसाची शेते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा तळ देऊन होत्या. त्याच महिन्याच्या प्रारंभी कंपनीच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. ऑर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, स्टीव्हन्सनची वाट न पाहता चालून आला. वाटाडे सांगत होते की केळणेला जवळ उतार नाही. पण दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, तेव्हा त्याने ताडले, की एवढ्या जवळच्या गावांत ये-जा असणार आणि ये-जा असेल तर उतारही असणार. तर्क खरा ठरला. शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफांनी मारा केला, तरी दिवस कंपनीचा झाला. तिच्या बाजूची सोळाशेच्या आसपास माणसे मेली वा जखमी झाली. शिंद्यांच्या बाजूची हानी याहून मोठी मानली जाते. वॉटर्लू जिंकल्यानंतरही, आपली सर्वांत चांगली कामगिरी कोणती असे विचारल्यावर वेलिंग्टन असईचे नाव घेत असे.

नदीकाठी उभे राहून आजोबांनी हे सर्व सांगितले. आजींनी विचारले, “मेले ते कोण?” आजोबा म्हणाले, “गोरे होते, पण कंपनीच्या फौजेतही मद्रासकडचे शिपाई पुष्कळ होते. आणि शिंद्यांकडची बहुतेक सगळी माणसं इथलीच.” आजींनी हात जोडले, नवकार म्हटला आणि थोडा वेळ त्या तिथेच उभ्या राहिल्या. परतताना त्यांनी पुन्हा आक्षेप घेतला नाही. वॉल्मरला एका माणसाची खुर्चीसुद्धा जपलेली पाहिली होती. येथे हजारो माणसे पडली आणि त्यांच्यासाठी निदान कोणी हात तरी जोडावेत, असे त्यांना वाटले असावे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १७४ किलोमीटरच्या जालना–जळगाव लोहमार्गास मंजुरी दिली आहे. अजिंठ्याला रेल्वेने जोडणारा हा मार्ग झाला की जालन्याहून आणखी एक जवळची गाडी मिळेल. पण गाडी माणसाला स्थानकापर्यंत नेते. पाहण्याची इच्छा त्याने घरूनच आणावी लागते. फार तयारी लागत नाही. पिण्याचे पाणी, कोरडा डबा, एक छोटी विजेरी, परतीच्या गाडीची वेळ आणि ज्या दिवशी स्थळ बंद असते तो वार, एवढे लक्षात ठेवले की पुरे. थकवा येण्याआधी माणूस घरी परततो आणि चौविहारही सांभाळता येतो.

डिसेंबरच्या सुट्टीत नात जालन्याला येणार आहे. आजोबांनी असईच्या नदीकाठचा एक गोटा टेबलावर ठेवला आहे. शेजारी वॉल्मरच्या किनाऱ्यावरचा, तिनेच खिशात कोंबून दिलेला दुसरा. त्याआधी परभणीची गाडी पकडून जिंतूरच्या नेमगिरीला जाऊन यायचे ठरले आहे. दिनदर्शिकेवर खूण झाली आहे, आणि वार आजींनी दोनदा तपासला आहे.