गुणाढ्याचे श्रोते

१९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यामुळे भिलाईत मराठी कुटुंबेही स्थिरावली. भोवताली हिंदी आणि छत्तीसगढी असता घरातील पुस्तकालाच माहेर मानावे लागते. अशा वाचकाला मायकेल एंडे यांची १९७९ साली प्रसिद्ध झालेली ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ ही मूळ जर्मन अद्भुतरम्य कादंबरी विशेष सुखावते. तिच्यातील एकाकी बास्टियन शाळेच्या माळ्यावर लपून एक ग्रंथ वाचतो. तेथील सम्राज्ञीला त्यानेच नवे नाव दिल्यावर लयाला चाललेले ग्रंथातील जग पुन्हा जन्म घेते.

आपल्या परंपरेत या सुखाची किंमतही सांगितली आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’नुसार प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाने पैशाची भाषेतील बृहत्कथा अव्हेरली. गुणाढ्य वनात एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला आणि पशू चारा विसरून, अश्रू ढाळीत ऐकत राहिले. राजा तेथवर आला तो या श्रोत्यांमुळेच. तोवर सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष भस्मसात झाले होते. दरबार उशिरा पोचतो. श्रोता वेळेवर असावा लागतो. भिलाईतील एखादे मूल मराठी पुस्तक उघडते, तेव्हा एक पान तरी आगीतून वाचते.