एका फांसळीची नोंद

परवां आमच्या घरांत लोणच्याची जुनी बरणी फुटली. 'कोणी फोडली?' या प्रश्नास नेहमींप्रमाणें कोणींच उत्तर दिलें नाहीं. एकत्र कुटुंबांत फुटलेल्या वस्तूला कर्ता नसतो! संशय मात्र धाकट्या सुनेवर गेला. त्या वेळीं मला इंग्लंडांत भाचीकडे गेलें असतां मोडलेल्या एका हाडाची आठवण झाली.

भाची तेथें एका लहानशा संग्रहालयांत जीवाश्म साफ करण्याचें काम करते. तिच्या मेजावर इक्थिओसॉर होता. हा समुद्रांत राहणारा, पण सरपटणाऱ्यांच्या वर्गांतला प्राणी. आकार माशाचा, श्वास मात्र हवेंतला. त्याचा वंश सुमारें ९ कोटि वर्षांपूर्वीं संपला. डॉर्सेट परगण्यांत लाइम रीजिसच्या कड्यांत त्याचे सांगाडे सांपडतात. हिवाळी वादळांत कडे ढासळले, कीं लाटांनीं नेण्यापूर्वीं हाडें उचलावीं लागतात.

परंतु खणणें हा कामाचा लहानसाच भाग. कोणतें हाड कोठें व कसें पडलें होतें याचा आधीं नकाशा काढितात. मग भोंवतालच्या दगडासकट त्यास, मोडलेल्या पायास बांधावें तसें, प्लॅस्टरमध्यें भिजविलेल्या गोणपाटाच्या पट्ट्यांचें वेष्टन घालितात. पुढें कार्यशाळेंत सूक्ष्मदर्शकाखालीं, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या लेखणीएवढ्या हत्यारानें व सुईनें, कणकण दगड काढावयाचा. एका कवटीस महिनेच्या महिने लागतात.

तांदुळांतले खडे निवडण्यांत जन्म गेलेल्या मला हें सोपें वाटलें. हट्ट धरून मीं सुई घेतली. हाड काळें, दगड करडा. पंधरा मिनिटें सुरळीत गेलीं. मग घाई झाली, सुई तिरपी लागली आणि एका फांसळीचें टोंक टिचलें. मीं तें हळूच बोटाखालीं दडविलें.

"मावशी, हात उचल बघूं," भाची म्हणाली. ती रागावली नाहीं. चिमट्यानें तुकडा उचलून तिनें सांधला आणि वहींत लिहिलें: तारीख, फांसळी कोणती, कोठें मोडली, कशानें जोडली व कोणाच्या हातून मोडली.

"एवढ्याशा चुकीसाठीं माझें नांव कशाला ग?"

"उद्यां कोणी हें हाड अभ्यासील. ही भेग त्या प्राण्याच्या दुखापतीची कीं तुझ्या सुईची, हें त्याला कळायला नको?"

मग तिनें मेरी ॲनिंगची हकीकत सांगितली. लाइम रीजिसच्या एका सुताराची ही मुलगी. वडील १८१० सालीं वारले, मागें कर्ज राहिलें. १८११ सालीं भावाला कड्यांत इक्थिओसॉरची कवटी दिसली. उरलेला सांगाडा पुढें मेरीनें शोधला. १८२३ सालीं तिनें प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा काढिला. त्याची मान इतकी लांब, कीं क्युव्हिएसारख्या पंडितासही प्रथम संशय आला. १८२४ सालीं कॉनिबेअर यांनीं लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढें त्याचें वर्णन वाचलें. त्यांत मेरीचें नांव नव्हतें. त्या मंडळानें १९१९ पर्यंत स्त्रियांस सभासद करून घेतलें नाहीं. मेरी १८४७ सालींच वारली होती.

जिनें अवघा प्राणी दगडांतून सोडविला तिचें नांव नाहीं, आणि पंधरा मिनिटांत फांसळी मोडणारीचें आहे! त्या वहीकडे मी बराच वेळ पाहत राहिलें.

परवांची बरणी माझ्याच हातून फुटली होती. रात्रीं पंगतींत, धाकटी सून वाढावयास आली तेव्हां, सर्वांदेखत मीं तें सांगून टाकिलें.