शेवटची धार

संगमनेरहून भाचा आला तो हायड्रोमीटर घेऊनच. तिकडे साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तो केमिस्ट होता. मळीपासून ९५ टक्क्यांचं स्पिरिट काढायचं काम. आमची गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली काजूच्या फेणीची भट्टी ४२ टक्क्यांच्या आसपास थांबते, हे त्याला अर्धवट वाटलं.

"मामा, अजून वर का नाही न्यायचं?"

"वास जातो रे."

घाटावर सगळे पहिल्या धारेचं कौतुक करतात. पहिली धार नाकात झोंबते, ती कोणीही ओळखेल. जीव खाते ती शेवटची. हुर्राकात, म्हणजे पहिल्यांदा गाळलेल्या दारूत, आंबवलेला रस घालून भाण, आमचं गाळायचं भांडं, पुन्हा चढवलं की उतरत्या धारेत फळाचा वास मागे पडतो आणि भिजलेल्या गोणपाटासारखा आंबूस वास डोकं वर काढतो. त्या दोघांच्या मध्ये मडकं बदलायचं. घाई केली तर चांगला माल हातचा जातो, उशीर झाला तर आधीचं सगळं नासतं. त्यात जाळ जरा भडकला की दोन्ही वास एकदमच येतात. मीटर ताकद सांगतो, हे सांगत नाही.

वडील तळहातावर थेंब चोळून, डोळे मिटून "बस" म्हणायचे. मीही तेच करायचो. गिऱ्हाईक उभं असलं की डोळे जरा जास्तच वेळ मिटायचो.

दोन वर्षांपूर्वी तापात माझं नाक गेलं. कोणाला सांगितलं नाही. अंदाजानंच "बस" म्हणत राहिलो. तीन भाणं बिघडली. दोष मी अवकाळी पावसावर ढकलला. चौथ्या वेळी भाच्यानं थेंब स्वतःच्या हातावर चोळला, न विचारता मडकं बदललं आणि हळूच म्हणाला, "मामा, मघाशीच बदलायला हवं होतं." त्याचा इथला तो दुसराच हंगाम होता.

काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारनं तिला वारशाचा दर्जा दिला. तरी स्पिरिटमध्ये एसेन्स ओतून फेणी म्हणून विकणारे आहेतच. फळ कधी न हुंगलेल्या त्या लोकांबद्दल मी आयुष्यभर तावातावानं बोललो. पण ती तीन भाणं मीही उत्तम फेणी म्हणूनच विकली.

आता धार भाचा तोडतो. त्या वर्षी ज्यांनी माझ्याकडून माल नेला, त्यांनी एप्रिलमध्ये रिकाम्या बाटल्या घेऊन यावं. भरून देईन, पैसे घेणार नाही.